एटीव्हीचं, म्हणजे चिखलमातीत चालणाऱ्या चारचाकी बाइकचं, ब्रेक ऑइल घरच्या घरी बदलताना
मुळशीच्या चिखलात गाडी घालून आणली आणि ब्रेकचा लिव्हर पोचट लागतोय, तर ऑइल बदलून लाइनमधली हवा काढा. मास्टर सिलिंडरच्या (लिव्हरजवळची ब्रेक ऑइलची छोटी टाकी) झाकणावर डॉट ४ (ऑइलचा प्रकार) लिहिलं असेल तर तेच, पुण्याच्या नाना पेठेतून सीलबंद बाटली आणा, उघडी राहिलेली नको, ते हवेतला ओलावा ओढतं. झाकणावरची माती आधी पुसा. ब्लीडर निपलला (चाकाजवळच्या ब्रेकवरचा हवा काढायचा स्क्रू) पारदर्शक नळी लावून दुसरं टोक वेगळ्या बाटलीत घेतलेल्या थोड्या ऑइलमध्ये बुडवा, मग एकाने लिव्हर दाबून धरायचा, दुसऱ्याने निपल जरासं सैल करून बुडबुडे निघाले की आवळायचं आणि मगच लिव्हर सोडायचा, हे उलटं झालं की हवा परत आत. काळपट जाऊन स्वच्छ येईपर्यंत चालू ठेवा, मास्टर सिलिंडरच्या टाकीत नवं ऑइल टाकत रहा. सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग खातं मेलं.