साठीनंतरची लांब सायकल सफर: या चुका टाळा

इंदूरहून ओंकारेश्वर सुमारे ८० किलोमीटर. इंदूरच्या सुपर कॉरिडॉर या रुंद रस्त्यावर रोज सकाळी वीस-पंचवीस किलोमीटर फिरणाऱ्या साठीच्या माणसाला एवढं अंतर सरावाने जमतं. फसगत होते ती परतीच्या दिवशी. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर आणि नर्मदेचा काठ २०० मीटरच्याही खाली. जाताना सिमरोल ओलांडलं की भेरूघाट आपल्याला निमाडात, म्हणजे नर्मदेकाठच्या सखल मुलखात, उतरवून देतो. परतताना तीच उंची, आदल्या दिवशीच्या थकल्या पायांनी आणि निमाडच्या उन्हात, चढायची असते.

म्हणून सराव दुसऱ्या दिवसाचा हवा. बहुतेक जण रविवारी एकदम साठ-सत्तर किलोमीटर मारतात आणि मग आठवडाभर सायकलला हात लावत नाहीत. वय वाढलं की स्नायू सावरायला जास्त वेळ घेतात, आणि ते सावरण्याआधी पुन्हा चालवण्याची सवय अशाने कधीच होत नाही. शनिवारी चाळीस, लगेच रविवारी तीस, असं लागोपाठ चालवा. तीन आठवडे वाढवत नेलं की चौथा हलका ठेवा. सफरीत जेवढं सामान नेणार तेवढं कॅरिअरवर लादून एखादा चढ आधीच चढून पाहा. पाठीवर सॅक मात्र नको, कंबर आणि मान दोन्ही धरतात.

गुडघा दुखला की सगळे वयाला दोष देतात. माझ्या मते आधी सीट तपासावी. भिंतीचा आधार घेऊन सायकलवर बसा, टाच पेडलवर ठेवा आणि पेडल अगदी खाली न्या. पाय तेव्हा सरळ व्हायला हवा. मग चवड्याने पेडल मारताना गुडघ्यात थोडा बाक राहतो. गुडघा पुढून दुखत असेल तर सीट बहुधा खाली आहे, मागून दुखत असेल तर वर. चार-पाच मिलिमीटरच हलवा आणि दोन-तीन दिवस चालवून मगच पुन्हा हात लावा. एवढं करूनही दुखत असेल, तर तुम्ही बहुधा जड गिअरवर जोर लावता आहात. गिअर हलका करा, मिनिटाला पाऊणशे-ऐंशी फेरे पडू द्या.

करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होतं, तेव्हा तळहाताच्या कडेची नस दाबली जात असते. नुसत्या जाड ग्लोव्ह्जनी भागत नाही. सीटचं टोक पुढे झुकलेलं असेल तर सगळा भार हातांवर येतो. ते सपाट करा, हँडल जरा वर घ्या, पकड बदलत राहा. बधिरपणा दुसऱ्या दिवशीही उरला तर डॉक्टरांना दाखवा.

रुंद, गुबगुबीत सीट दुकानात छान वाटते, पण लांब पल्ल्यावर मांड्या घासते. मध्यम घट्ट सीट आणि पॅडची शॉर्ट्स घ्या. शॉर्ट्सच्या आत काही घालायचं नसतं.

भेरूघाट उतरताना ब्रेक सतत दाबून धरू नका. रिमवर घासणारे ब्रेक असतील तर रिम तापते आणि ट्यूब फुटू शकते. थोडा दाबा, सोडा, पुन्हा दाबा. ट्रकांची वर्दळ असते, म्हणून वेग आधीपासूनच आटोक्यात ठेवा.

निघताना पोहे-जलेबी जरूर खा, पण तेवढ्यावर ओंकारेश्वर गाठायला जाऊ नका. दर तासाला केळं, चिक्की असं काहीतरी पोटात जाऊ द्या. घामातून मीठही जातं, त्यामुळे नुसतं पाणी पीत राहिल्यास रक्तातलं सोडियम उतरू शकतं. ब्लडप्रेशरसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर पाणी आणि मिठाचं प्रमाण डॉक्टरांनाच विचारा. मधुमेहावर इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांची साखर सायकलवर एकदम पडू शकते; ग्लुकोज खिशात हवं, बॅगेच्या तळाशी नको. काही हृदयाच्या गोळ्यांनी नाडी फारशी वाढत नाही, मग घड्याळातला आकडा बघून जोर ठरवणं चुकीचं. सलग बोलता येईल इतक्याच जोराने चालवा. छातीत दडपण आलं किंवा गरगरलं तर तिथेच उतरा आणि मदत मागवा. परतीचा घाट जड वाटला तर घाटाखालच्या बडवाह गावाहून सायकल चढवायला गाडी कोणाची मिळेल, हे निघण्याआधीच फोन करून ठरवून ठेवा.