तांब्याच्या तांब्याचा फोटो

पहिली ऑनलाइन ऑर्डर यायच्या आधी मला पहिला ऑनलाइन प्रश्न आला. "ताई, तांब्यावर हिरवं काय आहे?" फोटो मोठा करून पाहिला, तर तांब्याच्या पोटावर मीच होते. हिरवा गाऊन, हातात मोबाइल, मागे दोरीवर वाळणारे कपडे आणि कोपऱ्यात पलंगावर पसरलेले सासऱ्यांचे, म्हणजे अण्णांचे, पाय. अण्णांना दाखवलं तर म्हणाले, "काम चोख झालंय गं, चेहरा दिसतोय."

आमचं घर पुण्यात कसब्यात, तांबट आळीत. अण्णा ठोकतात, मी विकते. मठारलेल्या, म्हणजे हातोडीने ठोकून खळग्या पाडलेल्या, भांड्याचा फोटो म्हणजे शेकडो बारक्या आरशांचा फोटो. हातोडीची प्रत्येक खळगी समोरचं काहीतरी पकडून ठेवते. म्हणून मी आता भांडं नंतर मांडते. त्याआधी भांड्याला आजूबाजूला काय दिसणार आहे, ते मांडते. हे एवढं कळायला मला अख्खा एक उन्हाळा लागला.

आधी घासणं. चिंच-मीठ किंवा पितांबरी, जे घरात असेल ते. नंतर पाणी मात्र सढळ हाताने, कारण भांड्याच्या कानाच्या सांध्यात चिंच राहिली की दुसऱ्या दिवशी तिथे डाग उमटतो. मऊ सुती फडक्याने लगेच कोरडं करायचं आणि त्यानंतर उघड्या हाताने शिवायचं नाही. घामाच्या बोटांचे ठसे तांब्यावर आधी दिसत नाहीत, काही तासांनी काळपट होऊन वर येतात. सकाळी घासलं तर फोटो सकाळीच. मोबाइलची लेन्सही पुसा. स्वयंपाकघरात वावरलेल्या फोनवर फोडणीचा थर असतो, आणि मग सगळे फोटो धुक्यातले येतात.

उजेडासाठी आमच्या माडीवरची उत्तरेची खिडकी मला पुरते. थेट ऊन नको. उन्हात तांब्यावर पांढरे चट्टे पडतात आणि बाकीचं भांडं काळं होतं. खिडकीवर अण्णांचं जुनं धोतर एकपदरी ताणून लावते, खिडकीपासून दोनेक फुटांवर स्टूल, आणि समोरच्या बाजूला थर्माकोलचा पांढरा शीट. खाली अंथरायला मोठा पांढरा ड्रॉइंग पेपर. त्याचं एक टोक भिंतीला वरती चिकटवायचं आणि कागद घडी न घालता अलगद वळवून स्टुलावर आणायचा, म्हणजे भिंत कुठे संपली ते फोटोत कळत नाही.

एवढं केल्यावर मला वाटलं जिंकलं. पण फोटोतला तांब्या सोललेल्या उकडलेल्या अंड्यासारखा दिसत होता. चोहीकडे पांढरंच असल्यावर भांड्यालाही पांढरंच दिसतं, त्याला कडाच उरत नाही. उपाय दहा-पंधरा रुपयांचा निघाला. मुलाच्या प्रोजेक्टमधून उरलेल्या काळ्या कार्डशीटच्या चार-चार इंची पट्ट्या कापल्या आणि भांड्याच्या दोन्ही बाजूंना, फोटोच्या चौकटीच्या जरा बाहेर, उभ्या केल्या. दोन्ही कडांवर काजळाची रेघ ओढल्यासारखं झालं आणि तांब्याला पोट आलं. मठारकामही तेव्हाच उठून दिसतं, कारण प्रत्येक खळगीच्या एका अंगाला थोडा काळोख मिळतो. या लेखातलं एकच काही करून बघणार असाल, तर या पट्ट्या करून बघा.

राहिले मी. दुसऱ्या थर्माकोलला लेन्सच्या मापाचं भोक पाडलं, मोबाइल मागे पुस्तकांच्या चळतीवर टेकवला आणि तीन सेकंदांचा टायमर लावून बाजूला झाले. आता भांड्यात फक्त एक काळा ठिपका येतो, तोही मठारातल्या खळग्यांत हरवतो. मोबाइल जवळ नेऊन फोटो काढू नका. जवळून काढलं की तांब्याचं तोंड मोठं आणि बूड बारीक दिसतं. चार-पाच फूट मागे जा आणि २x झूमवर काढा.

रंगाने मला पैशाचा फटका दिलाय. खिडकीचा उजेड आणि वर ट्यूबलाइटही चालू, अशात काढलेलं घंगाळ फोटोत पिवळं आलं. गिऱ्हाइकाने पितळेचं समजून मागवलं, तांब्याचं पोचलं, परत आलं, येताना चेपलं. तेव्हापासून दिवसा खोलीतला एकही दिवा लावत नाही. दुसरी खोड मोबाइलची. समोर सगळं लालसर दिसलं की तो आपल्या मनानेच त्यात निळं मिसळतो. कॅमेऱ्यात प्रो मोड असेल तर व्हाइट बॅलन्स, म्हणजे फोटोतल्या रंगांचा तोल, हाताने पक्का करा आणि भांडं शेजारी ठेवून पडद्यावरचा रंग ताडून बघा. पांढऱ्या कागदावर फोटो करडा येतो, तेव्हा भांड्यावर बोट दाबून धरून फोकस कुलूपबंद करा आणि उजेडाची पट्टी जराशी वर सरकवा.

अॅमेझॉनवर मुख्य फोटोची पार्श्वभूमी शुद्ध पांढरी लागते, वस्तूने चौकटीचा ८५ टक्के भाग व्यापलेला हवा आणि त्यावर अक्षर, लोगो काही चालत नाही. लांब बाजू किमान १,००० पिक्सेल असेल तरच गिऱ्हाइकाला फोटो मोठा करून बघता येतो. कागद कितीही पांढरा असला तरी शेवटचा हात पार्श्वभूमी पुसणाऱ्या अॅपने फिरवावा लागतो. पण ही अॅप कानाच्या आतली पोकळी हमखास विसरतात, तिथे करडा तुकडा राहतो. तो बोटाने खोडा. बुडाखालची सावली थोडी ठेवा, नाहीतर भांडं हवेत तरंगतं. झेंडूची फुलं, तुळशीचं पान, रांगोळी ही हौस पुढच्या फोटोंत.

पुढचे फोटो हौसेपेक्षा भांडण टाळण्यासाठी असतात. "लहान निघालं" ही आमच्याकडची सगळ्यात जास्त येणारी तक्रार. ताम्हण तळहातावर ठेवून एक फोटो, तांब्या नेहमीच्या पाण्याच्या पेल्याशेजारी ठेवून एक, आणि स्टीलची टेप लावून एक. तपेलीचा आतला फोटो हवाच. तांब्याच्या भांड्यात आंबट शिजवायचं तर आत कल्हई, म्हणजे कथलाचा मुलामा, लागते, आणि घेणारी बाई आधी तेच बघते. त्यासाठी टॉर्च मारू नका. भांडं खिडकीकडे कलतं करा, कल्हईची चांदी आपोआप चमकते. बूड दाखवा, सांधा दाखवा. हातोडीचे ठोके एका भांड्यासारखे दुसऱ्यावर पडत नाहीत, म्हणून दोन भांडी शेजारी ठेवूनही एक फोटो टाकते. तो टाकल्यापासून "फोटोतल्यासारखं नाही" हे ऐकू येणं कमी झालंय.

आणि फोटो भाच्याला लिस्टिंग करायला, म्हणजे वस्तू साइटवर विक्रीला चढवायला, व्हॉट्सअॅपवर पाठवत असाल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. साधा पाठवला की तो आकसतो आणि मठार पुसट होतं.

बंबाला मात्र धोतर पुरत नाही. तो पावसाळ्यात, आभाळ भरलेलं असताना गच्चीवर नेते. वर सगळं एकसारखं पांढरं, कुठे चट्टा नाही. दोन सरींच्या मध्ये दहा मिनिटं मिळतात. अण्णा छत्री घेऊन जिन्यात उभे राहतात. छत्री काळी आहे, म्हणून फोटो होईपर्यंत त्यांना बाहेर येऊ देत नाही.