दूरच्या तालुक्यात मोजणी: नव्या भूकरमापकासाठी

किनवट, माहूर, देगलूर असा तेलंगणाच्या बाजूचा तालुका वाट्याला आला, की शिवारात दोघांच्या भरवशावर राहू नका. एक अर्जदार, दुसरा धुरा, म्हणजे शेताचा बांध.

अर्जदाराच्या मोटारसायकलवर मागं बसून आलात, त्याच्या शेतातल्या आखाड्यावर पिठलं-भाकरी खाल्ली, की लगतधारकाच्या, म्हणजे शेजारच्या शेतमालकाच्या लेखी मोजणी तिथंच फिरली. नंतर खुणा कितीही नीट दाखवा. म्हणून खोली तालुक्याच्या गावी, बसस्टँडजवळ घ्या आणि खानावळीत सकाळी सातच्या डब्याचं आदल्या रात्रीच सांगून ठेवा. उन्हाळ्यात माणशी ५ लिटर पाणी आणि ओआरएसची दोन पाकिटं जवळ असू द्या. १ लिटरचं पाकीट अर्ध्या लिटरात कालवायचं नाही. एप्रिल-मेमध्ये लांबची निरीक्षणं ११ च्या आत उरका. पुढं तापलेल्या रानावर हवा लहरते आणि दुर्बिणीत प्रिझम, म्हणजे पोलवरची किरण परतवणारी काच, नाचायला लागतो.

आता धुरा. काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, त्यात दरसालच्या नांगरटीत धुरा कुठल्यातरी एका बाजूनं कोरला जातो. हद्दीचे दगडही कलतात. कललेला दगड दिसला तर डोक्यावर रोव्हर, म्हणजे उपग्रहावरून जागा टिपणारं पोलवरचं यंत्र, टेकवू नका. एक-दीड फूट उकरा आणि बुडाची जागा घ्या, कारण बहुतेक वेळा डोकंच सरकलेलं असतं. उलट एखादा दगड फारच ताठ उभा असेल तर संशय घ्या. बुडाशी माती भुसभुशीत लागली, खताच्या गोणीचा धागा किंवा गुटख्याची पुडी निघाली, तर तो अलीकडं कुणीतरी रोवलाय. वेगवेगळ्या दिशांचे निदान तीन जुने दगड टिपणाशी, म्हणजे जुन्या मोजणीच्या मापांच्या नोंदीशी, जुळल्याशिवाय एकही खूण दाखवू नका.

टिपण वाचताना घात होतो तो मापात. साखळी ३३ फुटांची, म्हणजे १०.०६ मीटर, आणि तिचे आणे १६. घाईत १० मीटर धरली तर २० साखळ्यांत १ मीटरहून जास्त फरक पडतो; एक आणा चुकला तरी ६३ सेंटिमीटर गेले. निजामकालीन नोंदीत उर्दू आकडे असतील तर २ आणि ३ यांत एका दाताचाच फरक असतो, आणि झेरॉक्समध्ये नेमका तोच उडतो. निघण्याआधी मूळ कागद उर्दू जाणणाऱ्याकडून वाचून घ्या.

माहूरकडच्या सागाच्या रानात रेंज गेली की कॉर्सचं, म्हणजे कायम उभारलेल्या संदर्भ केंद्रांकडून रोव्हरला मोबाइलवरून मिळणारं, करेक्शन थांबतं. दोन कंपन्यांची सिमं ठेवा. स्क्रीनवर ‘फिक्स’ (जागा पक्की) नसेल, ‘फ्लोट’ (अजून कच्ची) असेल, तर तो बिंदू घेऊच नका. तिथं ईटीएस, म्हणजे कोन आणि अंतर मोजणारं दुर्बिणीचं यंत्र, लावा. २ मीटरचा पोल ५ अंश कलला तर टोक १७ सेंटिमीटर सरकतं, तेव्हा बुडबुडा मध्यावर आहे ना ते दर बिंदूला बघा. सकाळी घेतलेला एक पक्का दगड निघताना पुन्हा घ्या. जुळला नाही तर दिवसभराचं काम तपासा.

उभ्या उसात मोजणी धरूच नका.

लगतधारक सही देत नसेल तर हुज्जत घालू नका. पंचनाम्यात ‘हजर, सही करण्यास नकार’ लिहा, पंचांच्या सह्या घ्या आणि शेवटची एसटी गाठा.