डेपोत जाऊन सागाचा लठ्ठा कसा पारखावा

सरकारी सागाचा लिलाव हल्ली ऑनलाइन होतो. नाव नोंदवायचं, अनामत रक्कम भरायची, यादी बघून बोली लावायची. हे कुणीही तासाभरात शिकतं. पण आधी डेपोत, म्हणजे वनविभागाच्या लाकूड आगारात, जाऊन या, हे मी प्रत्येक नव्या सुताराला कळकळीने सांगतो. माझा नागपुरात फर्निचरचा कारखाना आहे आणि बावीस वर्षं मी चंद्रपूर-गडचिरोलीचाच साग कापतोय. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये बल्लारशाहहून साग गेला, तो याच पट्ट्यातला.

हा माल मुळात मोजकाच असतो. १९८८ च्या वननीतीने कारखान्यांना जंगलावर विसंबू नका म्हणून सांगितलं, आणि १२ डिसेंबर १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर मंजूर कार्य आयोजनेशिवाय, म्हणजे वनविभागाच्या तोडीच्या आराखड्याशिवाय, जंगलतोड बंद झाली. त्यामुळे बाजारात घाना, इक्वेडोरकडचा लागवडीचा सागही भरपूर दिसतो. तो कोवळा असला की पांढरा भाग, म्हणजे गाभ्याबाहेरचं कच्चं लाकूड, जास्त निघतो. आपल्या जंगलातला जुना लठ्ठा मिळाला, तर तो नीट पारखूनच घ्यावा.

सकाळच्या तिरप्या उन्हात जा, भेगा स्पष्ट दिसतात. आधी लांबीवरून नजर फिरवा. भेग सरळ गेली असेल तर उत्तम. ती लठ्ठ्याभोवती गोल फिरत गेली असेल, तर आतले लाकडाचे तंतूही तसेच पिळलेले आहेत. त्याची फळी वाळताना पीळ खाणारच. मग दोन्ही टोकं बघा. कापावर पाणी शिंपडलं की गाभा गडद होतो आणि पांढरा भाग वेगळा उठून दिसतो. मध्यबिंदू एका बाजूला सरकलेला असेल तर झाड कललेलं होतं असं समजा. ते लाकूड वाकतं. शेवटी कुऱ्हाडीच्या पाठीने ठोका. भरीव लाकूड खणखणीत वाजतं, पोकळ असेल तर आवाज बद्द येतो.

हे मी किंमत मोजून शिकलो. एका डेपोतली थप्पी मी नुसत्या फोटोवर घेतली होती. तिच्यातल्या सर्वांत जाड लठ्ठ्याच्या टोकाला बोटभर भोक होतं. चिरल्यावर ती पोकळी साडेचार फूट आत गेलेली निघाली. तेव्हापासून पिशवीत सहा फुटांची ताठ तार असते. भोक दिसलं की तार घालायची आणि जिथे अडेल तिथवरचं लाकूड हिशोबातून वजा करायचं.

लठ्ठ्यात लाकूड किती, याचा हिशोब साधा आहे. मधल्या घेराचा चौथा भाग घ्या, त्याचा वर्ग करा आणि लांबीने गुणा. घेर १.२ मीटर, लांबी ३ मीटर असेल तर ०.२७ घनमीटर, म्हणजे साधारण साडेनऊ घनफूट. खरं आकारमान यापेक्षा जास्त भरतं, पण चिराईत साल, पांढरा भाग आणि भुसा जातो. सागाच्या बुंध्याला पन्हाळीसारख्या खोबणी असतात, तिथे खास लक्ष द्या. टेप त्यांच्यावरून सरळ जातो आणि खोबणीतल्या हवेचेही पैसे पडतात. असा बुंधा असेल तर मी बोली उतरवतो.

माल उचलताना प्रत्येक लठ्ठ्यावरचा वनविभागाच्या हातोड्याचा ठसा आणि नंबर वाहतूक पासाशी स्वतः जुळवा. गाडीचा नंबर आणि पासाची मुदतही तपासा. आरा गिरणीत माल उतरला तरी पास फाइलमध्ये राहू द्या, तपासणीत तोच दाखवावा लागतो.

चिरून झाल्यावर फळ्यांच्या टोकांना लगेच रंग फासा, म्हणजे टोकं फाटत नाहीत. विटांवर थप्पी रचा, प्रत्येक थरामध्ये पट्ट्या घाला आणि त्या एकाखाली एक, एका रेषेत ठेवा. इंचभर फळीला मी सावलीत वर्ष देतो, चौकटीच्या लाकडाला त्याहून जास्त. पावसाळ्यात दर आठवड्याला सर्वांत खालच्या फळीला हात लावा. ओलसर, गार लागली तर थप्पी सोडवून आणखी एक वीट चढवा.