तारण नक्की झालंय की नाही हे मनात सारखं येत असेल तर काय करायचं

मागच्या पावसाळ्यात आमच्या आत्याला परळला ऍडमिट केलं होतं. मी संध्याकाळी पेजेचा डबा घेऊन गेलो, नर्स सलाईन बदलून गेली, आणि आत्याने माझा हात धरून हळूच विचारलं, "मला आत घेतील ना रे?" मला वाटलं आयसीयूचं विचारतेय. ती स्वर्गाचं विचारत होती, म्हणजे आपलं तारण झालंय ना, पापातून सुटका होऊन देव आपल्याला जवळ घेईल ना. सगळी हयात मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये गेली, संडे स्कूल शिकवलं, किती जणींच्या घरी जाऊन प्रार्थना केली, आणि शेवटी हा प्रश्न.

हा प्रश्न खूप जणांना असतो पण कोणी बोलत नाही, कारण बोललं की लोक म्हणणार विश्वास कमी पडतोय. म्हणून मी स्वतः जे करतो आणि आत्याबरोबर जे केलं ते सांगतो, तुमच्या घरात कोणाला उपयोगी पडेल.

आधी एक कागद घ्या आणि त्यावर लिहा, देव मला स्वीकारेल कारण... आणि वाक्य पूर्ण करा. फार विचार करू नका, जे पहिलं येईल ते लिहा. वाक्य "मी" ने सुरू झालं, मी चर्चला जातो, मी दशांश, म्हणजे कमाईचा दहावा भाग चर्चला देतो, मी दारू सोडली, तर शंका कुठून येतेय ते तिथेच सापडलं. कारण "मी"चा हिशोब कधी पुरा होत नाही हो, आज चांगला दिवस गेला तर खात्री वाटते आणि उद्या ट्रेनमध्ये कोणाला शिवी दिली की खात्री गेली. बायबलमधलं इफिसकरांस पत्र २:८-९ काढा. तिथे प्रेषित पौल सरळ सांगतो की तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे, ते देवाचं दान आहे, कर्मांनी नाही, म्हणजे कोणी बढाई मारू नये. आता त्याच कागदावर वाक्य परत लिहा, ह्या वेळी "येशूने" ने सुरू करा.

इथे मला आमची लालबागची चाळ आठवते. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला आणि पप्पा घरी बसले. कोपऱ्यावरच्या वाण्याकडे आमची उधारीची वही होती, लाल कापडी बांधणीची, आणि आकडा वाढत वाढत इतका गेला की मम्मी मला सांगायची, दुकानासमोरून जाऊ नको, मागच्या गल्लीने जा. मी शाळेत रोज मागच्या गल्लीने जायचो, पावसात गुडघाभर पाण्यातून सुद्धा. मग नगरहून मामा आले आणि त्यांनी जाऊन सगळं खातं भरून टाकलं. मम्मीने मला सांगितलं सुद्धा. तरी मी पुढे कितीतरी दिवस मागच्याच गल्लीने जात होतो! एक दिवस वाण्याने मला लांबून बघितलं, हाक मारली, वही काढली आणि आमचं पान दाखवलं, पानावर ह्या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत आडवी रेघ आणि खाली मामांची सही. त्या दिवसापासून मी पुढून जायला लागलो. आता बघा, कर्ज कधी फिटलं? मामांनी पैसे दिले तेव्हा. मी घाबरून मागून जात होतो तेव्हाही ते फिटलेलंच होतं. माझ्या भीतीने त्या रेघेला काही झालं नाही. कलस्सैकरांस पत्र २:१४ मध्ये हेच आहे, आपल्या विरुद्धचा ऋणाचा लेख देवाने खोडला आणि वधस्तंभाला खिळून टाकला. आणि वधस्तंभावर येशू म्हणाला "पूर्ण झाले आहे", योहान १९:३०. थोडं बाकी आहे ते तुम्ही भरा असं नाही म्हणाला.

म्हणजे खात्रीसाठी आपल्या मनात डोकवायचं नसतं, वहीचं पान बघायचं असतं. पान म्हणजे देवाचं वचन, बायबल.

म्हणून योहानाचं पहिलं पत्र एका बैठकीत वाचा. पाचच अध्याय आहेत, १०५ वचनं, विरारहून दादरला पोचायच्या आत होतं. ह्याच पत्राच्या ५:१३ मध्ये योहान स्वतःच सांगतो की हे का लिहिलं, तर विश्वास ठेवणाऱ्यांना आपल्याला सार्वकालिक जीवन आहे हे कळावं म्हणून. कळावं! बघू पुढे काय होतं ते, असं नाही. पण हे पत्र वाचताना एक अडचण येते, ३:९ ला आलात की छातीत धस्स होतं, देवापासून जन्मलेला पाप करत नाही म्हणे. तिथे पुस्तक मिटू नका, त्याच पत्रात १:८-९ आहे, आपल्यात पाप नाही म्हणालो तर आपण स्वतःला फसवतो, पाप कबूल केलं तर तो क्षमा करतो. योहान पापात मुक्काम ठोकून राहण्याबद्दल बोलतोय, पडून उठणाऱ्याबद्दल नाही. भावाबहिणींवर प्रेम, आज्ञा पाळायची ओढ, पाप झालं की आतून लागणं, ह्या जिवंत असल्याच्या खुणा आहेत, जीवनाची किंमत नाही. आणि ३:२० तर पेनाने अधोरेखित करा, आपलं मन आपल्याला दोष देतं तेव्हा देव आपल्या मनापेक्षा मोठा आहे.

कधी कधी शंकेमागे एखादं ठराविक पाप असतं, हे पण प्रामाणिकपणे बघा. भावाशी जागेवरून कोर्टात भांडण चालू आहे, ऑफिसात खोटी बिलं लावली आहेत. दाविद राजाने पाप केल्यावर स्तोत्र ५१:१२ मध्ये मागितलं ते तारणाचा आनंद परत दे असं. आनंद गेला होता त्याचा. तेव्हा नाव घेऊन कबूल करा आणि फोन करायचा तर आजच करा, पैसे परत द्यायचे तर द्या.

तारणाची तारीख, म्हणजे येशूवर विश्वास ठेवला तो दिवस, आठवत नाही म्हणून पण लोक टेन्शन घेतात, विशेषतः आपण ख्रिस्ती घरात जन्मलेले. आज कोणावर भरवसा आहे तेवढं विचारा, योहान ६:३७ मध्ये येशू म्हणतो जो माझ्याकडे येतो त्याला मी घालवून देणार नाही. उशीर लागला तरी घाबरू नका. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ ला इंग्लंडमध्ये झाला, १८८९ ला त्यांनी इथे मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं, आणि त्यांनीच पुढे साक्षीत सांगितलं की बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळालाय पण ख्रिस्त मिळालेला नाही. एवढ्या विद्वान बाई! मग तो मिळाला, आणि पुढे त्यांनी अख्खं पवित्र शास्त्र साध्या मराठीत आणलं.

मग काय, काहीही करायला मोकळे? रोमकरांस पत्र ६:१-२ वाचा, पौलाने हा प्रश्न तेव्हाच मांडला होता आणि त्याचं उत्तर सरळ "मुळीच नाही" असं आहे. ज्याचं कर्ज असं कोणी फेडलं तो परत उधारी करायला धावत नाही.

वसईचे कॅथलिक नातेवाईक असतील तर त्यांच्याशी ह्यावर वाद घालत बसू नका, त्यांच्या चर्चने १५४७ ला ट्रेंटच्या परिषदेत शिकवलं की आपल्याला कृपा मिळालीच अशी न चुकणारी खात्री कोणाला असू शकत नाही, ते आशेची भाषा बोलतात. मी माझं वर सांगितलंच.

आणि एक, रोज रात्री तीच तारणाची प्रार्थना वीस वीस वेळा म्हणावी लागत असेल, एक शब्द चुकला म्हणून परत पहिल्यापासून, झोप उडाली असेल, तर चर्चच्या पाळकांना सांगा आणि डॉक्टरांनाही दाखवा. मनाचा हा आजार असतो, त्यावर उपचार आहेत, आणि त्यात विश्वास कमी असण्याचा काही संबंध नाही.

आजारी माणसाजवळ बसलात तर मात्र हे एवढं सगळं सांगू नका. एकच वचन घ्या, हळू वाचा, त्यांचं नाव घालून वाचा. मी आत्याला योहान १०:२८-२९ वाचलं, मी त्यांना सार्वकालिक जीवन देतो, माझ्या हातातून त्यांना कोणी हिसकावून घेणार नाही, पित्याच्या हातातूनही नाही. औषधाच्या पाकिटाच्या मागे मोठ्या अक्षरात लिहून दिलं, तिने ते उशीखाली ठेवलं. दुसऱ्या दिवशी तिने तोच प्रश्न परत विचारला, मी परत वाचलं. तिसऱ्या दिवशी मी डबा स्टुलावर ठेवायच्या आत ती म्हणाली, "पेज राहू दे रे, आधी दहावा अध्याय वाच."