गर्दीत तापणारे इंजिन
सोलापूर-पुणे महामार्गावर आमच्या जुन्या पेट्रोल गाडीचा तापमानाचा काटा मध्यावर स्थिर राहत असे. मात्र सोलापुरातल्या सात रस्ता चौकात खोळंबा झाला, की तो लाल रेषेकडे सरके. वेगात रेडिएटर (इंजिनाचे गरम पाणी थंड करणारी जाळी) वाऱ्याने गार होतो, उभ्या गाडीत ते काम पंख्याचे असते. त्यामुळे माझा संशय थर्मोस्टॅटपेक्षा (रेडिएटरकडे जाणारे पाणी नियंत्रित करणाऱ्या झडपेपेक्षा) पंख्यावर होता. फ्यूज शाबूत होता आणि थेट बॅटरीला जोडल्यावर पंखाही फिरला. मग इग्निशन चालू ठेवून, रेडिएटरवरील थर्मो स्विचचा (पाणी तापल्यावर पंखा सुरू करणाऱ्या स्विचचा) सॉकेट काढून सॉकेटची दोन टोके तारेने जोडली, तेव्हा पंखा लगेच सुरू झाला. म्हणजे दोष स्विचचाच. त्याच्या पिनांवर हिरवट गंज चढला होता. इंजिन पूर्ण गार झाल्यावर स्विच बदलला आणि बोअरच्या क्षारयुक्त पाण्याऐवजी डिस्टिल्ड पाण्यात कूलंट मिसळून भरले.