नागपुरात इलेक्ट्रिक कार घेताना सरकारी सवलती पदरात कशा पाडून घ्याव्यात

‘सरकारची सबसिडी आहे’ हे वाक्य शोरूममध्ये इतक्या सहज उच्चारले जाते की, ती कोणते सरकार देते, कशावर देते आणि कोणत्या टप्प्यावर देते, हे विचारायचे राहूनच जाते. सवलती खऱ्या आहेत; मात्र त्यांतील काही आपोआप मिळतात, काही मागून घ्याव्या लागतात, तर काही केव्हाच संपुष्टात येऊनही विक्रेत्यांच्या बोलण्यात अजून टिकून आहेत. त्यामुळे हिशेबाला बसताना आपोआप मिळणाऱ्या सवलती आधी धराव्यात.

इलेक्ट्रिक वाहनांवरील जीएसटी 1 ऑगस्ट 2019 पासून 5 टक्के आहे. सप्टेंबर 2025 च्या फेररचनेत लहान पेट्रोल गाड्यांवर 18 आणि मोठ्या गाड्यांवर 40 टक्के दर आला, तरी हा दर बदलला नाही. तो एक्स-शोरूम किमतीतच धरलेला असतो, म्हणून कोणी तो वेगळी सूट म्हणून दाखवू लागल्यास तिकडे दुर्लक्ष करावे.

सर्वांत भरवशाची बचत मोटार वाहन करात होते. महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावावर पेट्रोल कार घेतल्यास 10 लाखांपर्यंत 11, 10 ते 20 लाखांपर्यंत 12 आणि त्यापुढे 13 टक्के कर भरावा लागतो. म्हणजे 14 लाखांच्या गाडीवर 1 लाख 68 हजार रुपये. राज्याच्या 2025 च्या इलेक्ट्रिक वाहन धोरणानुसार, ज्याची मुदत 31 मार्च 2030 पर्यंत आहे, इलेक्ट्रिक कारला हा कर आणि नोंदणी शुल्क दोन्ही माफ आहेत. तेव्हा कोटेशन हातात येताच ‘आरटीओ’ असे लिहिलेली ओळ पाहावी. तिथे पाच आकडी रक्कम दिसली, तर त्या रकमेची फोड लेखी मागावी. पसंतीच्या क्रमांकाचे शुल्क वेगळे असते, हे मान्य. पण ‘हँडलिंग’च्या नावाखाली घातलेल्या रकमेचा आरटीओशी काहीही संबंध नसतो. गाडीची नोंदणी पत्त्यानुसार एमएच 31, एमएच 49 किंवा ग्रामीण भागासाठी एमएच 40 मध्ये होते, आणि माफी सगळीकडे सारखीच आहे.

यापुढचा भाग जपून हाताळण्याचा आहे. याच धोरणात खासगी कारसाठी किमतीच्या 10 टक्के, पण जास्तीत जास्त दीड लाख रुपये, असे प्रोत्साहन ठेवले आहे. म्हणजे 14 लाखांच्या गाडीला 1 लाख 40 हजार होतात, परंतु 20 लाखांच्या गाडीला दोन लाख न होता दीड लाखावरच थांबावे लागते. राज्यभरातील केवळ 10 हजार खासगी कारसाठी ही तरतूद असल्याने ती प्रत्येकाच्या वाट्याला येईलच असे नाही. टॅक्सीसाठी मर्यादा दोन लाखांची आहे. गाडी महाराष्ट्रातच विकली गेलेली आणि नोंदवलेली असली पाहिजे; छिंदवाडा किंवा रायपूरच्या नातेवाइकांच्या पत्त्यावर स्वस्तात गाडी घेण्याचा बेत असेल, तर या रकमेवर पाणी सोडावे लागेल. बुकिंगची रक्कम भरण्यापूर्वी प्रोत्साहन बिलातून वजा होणार आहे का, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. ‘नंतर खात्यात येईल’ असे उत्तर मिळाल्यास ही रक्कम हिशेबातून वगळावी, आणि तरीही गाडी परवडत असेल तरच पुढे जावे.

केंद्र सरकारच्या नावाने सांगितल्या जाणाऱ्या दोन गोष्टी खोडून काढाव्या लागतात. पीएम ई-ड्राइव्ह योजनेत खासगी कारसाठी अनुदान नाही. कर्जाच्या व्याजावर दीड लाखांपर्यंत वजावट देणारे प्राप्तिकराचे कलम 80ईईबी हे 31 मार्च 2023 पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांपुरतेच होते. नव्या कर्जाला ते लागू नाही. याउलट 10 लाखांवरील गाडीवर आकारला जाणारा एक टक्का टीसीएस (विक्रेत्याने ग्राहकाकडून गोळा करून सरकारकडे भरलेला कर) हा खर्च नसून प्राप्तिकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो, हे बरेच जण विसरतात. विम्यातही तृतीय पक्ष हप्त्यात इलेक्ट्रिक कारला 15 टक्के सवलत असते, तेवढे पॉलिसीवर तपासून घ्यावे.

नागपूरकरांना टोलमाफीचा लाभ विशेष आहे, कारण समृद्धी महामार्ग शिवमडक्याहूनच सुरू होतो. 701 किलोमीटरच्या संपूर्ण प्रवासाला कारसाठी सुमारे 1,445 रुपये टोल पडतो आणि इलेक्ट्रिक कारला तो माफ आहे. ऑगस्ट 2025 मध्ये या माफीची अंमलबजावणी सुरू झाली. मात्र ही माफी राज्याच्या अखत्यारीतील रस्त्यांपुरतीच आहे. वर्धा किंवा अमरावतीकडे राष्ट्रीय महामार्गाने गेल्यास टोल द्यावाच लागतो. हिरवी नंबरप्लेट असूनही फास्टॅगमधून पैसे कापले गेल्याच्या तक्रारी झाल्या आहेत, म्हणून नोंदणी क्रमांक मिळताच तो फास्टॅगला जोडलेला आहे ना, हे बँकेच्या पोर्टलवर पाहावे, नाक्यावरून निघाल्यावर संदेश तपासावा आणि रक्कम वजा झाली असल्यास तो संदेश व आरसीची प्रत जोडून परताव्याची मागणी लगेच नोंदवावी.